नेझबी, सहा बाय चारच्या टेबलावर

नेझबीची लढाई युद्धखेळासाठी टेबलावर मांडायची तर पुतळे, रंग, फासे ही सगळी नंतरची गोष्ट. खरी पंचाईत ही की निकाल सगळ्यांना पाठ असतो. १४ जून १६४५, इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनशरमधलं नेझबी गाव. एका बाजूला राजा पहिला चार्ल्स आणि त्याचा भाचा प्रिन्स रूपर्ट. दुसऱ्या बाजूला पार्लमेंटचं नवंकोरं सैन्य, न्यू मॉडेल आर्मी, आणि तिचा सरसेनापती सर थॉमस फेअरफॅक्स. रूपर्टने उजव्या बगलेवर समोरचं घोडदळ उधळलं आणि त्याच झपाट्यात तो पार मागे, शत्रूच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत गेला. तो परत येईपर्यंत दुसऱ्या बगलेवर पार्लमेंटच्या घोडदळाचा प्रमुख क्रॉमवेल याने राजाचं डावं घोडदळ मोडलं होतं आणि मधलं पायदळ कोंडीत सापडलं होतं. दोन-तीन तासांत पहिल्या यादवी युद्धाचा निकाल लागल्यात जमा झाला.

हे ठाऊक असलेला माणूस टेबलावर रूपर्ट होऊन बसला की पहिली धडक मारतो, घोडी वळवतो आणि सरळ पार्लमेंटच्या पायदळाच्या पाठीत घालतो. हे ठाऊक असलेला आयर्टन, म्हणजे रूपर्टसमोरच्या पार्लमेंटच्या घोडदळाचा सरदार, समोरच्या भाल्यांच्या वाटेलाच जात नाही. मग टेबलावर जे होतं ते नेझबीच्या पोशाखातलं बुद्धिबळ. यावर जो उतारा नेहमी काढला जातो तो मला त्याहून वाईट वाटतो: रूपर्ट परत येणार नाही असं नियमातच लिहून टाकायचं आणि क्रॉमवेलला प्रत्येक फाशावर दोन जास्त द्यायचे. निकाल हुकमी लागतो, पण तो का लागला हे कुणालाच कळत नाही. मधला रस्ता आहे, आणि तो सगळा तपशिलातून जातो.

आधी मोजमाप. एक मिलीमीटर म्हणजे एक मीटर धरलं की हिशेब डोक्यात राहतो. सहा बाय चार फुटांचं टेबल म्हणजे अंदाजे १८०० बाय १२०० मीटर जमीन. पश्चिमेच्या सल्बीच्या कुंपणापासून पूर्वेच्या सशांच्या बिळांपर्यंतची आघाडी मैलाच्या आसपास, म्हणजे रुंदीत बसते. खोलीत मात्र ओढाताण होते. राजाचं सैन्य उभं होतं ती डस्ट हिल, मधला ब्रॉड मूरचा सखल पट्टा आणि फेअरफॅक्सचं टेकाड एवढं जेमतेम मावतं. नेझबी गाव दक्षिणेला टेबलाबाहेर राहतं.

गाव बाहेर राहिलं तरी चालतं, उत्तरेची बाजू बाहेर राहून चालत नाही. धातुशोधक यंत्रं फिरवून या रानात बंदुकीच्या ज्या गोळ्या सापडल्या, त्या फक्त दोन टेकाडांमध्ये नाहीत. डस्ट हिलच्या पलीकडे, उत्तरेला बरंच लांबवर विखुरलेल्या आहेत. म्हणजे राजाचं पायदळ जागच्या जागी संपलं नाही, ते लढत लढत मागे सरलं. नेझबीच्या डावांत हा दुसरा अंक हटकून गळतो, कारण टेबल तिथं संपलेलं असतं. टेबल सहा फूट खोल करायला जाऊ नका. मधोमध हात पोचत नाही आणि बाहीत अडकून दरवेळी चार भालाईत आडवे होतात. जमीन दोन बाय दोन फुटांच्या तुकड्यांत बनवावी. सहा तुकड्यांचं टेबल होतं, वर उत्तरेचे तीन जादा ठेवावेत. लढाई उत्तरेकडे सरकली की दक्षिणेची रांग उचलायची, उरलेलं खाली ओढायचं आणि वर नवी रांग लावायची. पुतळे आधी ट्रेमध्ये काढून घ्या. भरल्या टेबलाचा तुकडा सरकवण्याचा मोह फार होतो आणि तो महागात पडतो.

आता सैन्य. पार्लमेंटकडे सुमारे १४,०००: पायदळ सातेक हजार, घोडदळ साडेसहा हजारांच्या घरात, शिवाय कर्नल ओकीचे ड्रॅगून, म्हणजे घोड्यावरून येऊन पायउतार होऊन लढणारे बंदूकधारी. राजाकडे नऊ-दहा हजार, त्यात पायदळ साडेचार हजारांच्या आसपास. एका पुतळ्यामागे ३३ माणसं धरली तर आठशेच्या रेजिमेंटला २४ पुतळे येतात. कागदावर एका भालाइतामागे दोन बंदूकधारी, म्हणून ८ भाले मध्ये आणि १६ बंदुका दोन्ही बाजूंना. पंधरा मिलीमीटर उंचीचे पुतळे घेतले तर २५ मिमीच्या चौकोनी बेसवर, म्हणजे पुतळे चिकटवायच्या पट्टीवर, चार मावतात; सहा बेसची रेजिमेंट १५० मिमी रुंद होते. सहा ओळी खोल उभ्या केलेल्या आठशे माणसांची खरी रुंदी सव्वाशे-दीडशे मीटर येते, तेव्हा रुंदीचं गणित जुळतं. खोलीचं कधीच जुळत नाही. सहा ओळींना दहा-पंधरा मीटर पुरतात आणि बेस २५ मीटर खातो. म्हणून दोन फळ्यांमधलं अंतर नकाशातून जसंच्या तसं उचलू नये, थोडं वाढवून घ्यावं. नाहीतर दुसऱ्या फळीला वळायलाही जागा उरत नाही.

घोडदळाच्या रेजिमेंटला १६ स्वार, ३० बाय ४० मिमीच्या बेसवर दोन-दोन, चार-चार बेसच्या दोन तुकड्या. सगळं धरून दोन्ही बाजूंचे मिळून सातशेच्या आसपास पुतळे होतात. आकडा ऐकून छाती दडपली तर सहा मिलीमीटरचे पुतळे घ्या. त्यांत गर्दी जास्त खरी दिसते, पण चेहरे आणि झेंडे जातात. तोफा दोन्हीकडे एक-दोन पुरेत. त्या दिवशी त्यांनी फार थोडे बार काढले आणि लढाईचं काही त्यांच्यावाचून अडलं नाही.

भाल्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या काळातलं सैन्य सगळ्यांत जास्त तिथंच बिघडतं. पुतळ्याबरोबर ओतलेले मऊ धातूचे भाले पहिल्या डावातच वाकतात, दुसऱ्यात तुटतात. ते कापून टाका आणि ०.६ मिमीची पोलादी स्प्रिंग वायर वापरा. साधी तार नको, ती सरळ राहत नाही. सोळा फुटांचा भाला पुतळ्याच्या उंचीच्या मापात ४३ ते ४५ मिमी भरतो. शिपाई भाले कापून आखूड करत अशी तक्रार तेव्हाही होती, त्यामुळे ४०ला कापला तरी कुणी चूक काढू शकत नाही. टोक पकडीने चेपून तिरकं कापायचं की पातं तयार होतं, आणि मग ते कानशीने थोडं बोथट करायचं. ३० भाल्यांच्या झुडपात हात घालणाऱ्याला त्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. पुतळ्याच्या मुठीत हातड्रिलने आरपार भोक पाडा. भोक न पाडता नुसत्या सुपरग्लूवर चिकटवलेला भाला महिन्याभरात सुटतो, कारण गोंदाचा सांधा दाबाला टिकतो, पिळाला टिकत नाही. पोलादावर रंग धरत नाही, तेव्हा तार आधी बारीक पॉलिश पेपरने घासून धातूचा प्रायमर मारायचा. भाले सगळे एका कोनात लावू नका. पुढची ओळ थोडी झुकलेली, मागची उभी, एवढा फरक पुरतो.

रंगांत एक गोंधळ ठरलेला. नव्या सैन्याचे डगले तांबडे, हे प्रसिद्धच आहे. फेअरफॅक्सच्या स्वतःच्या रेजिमेंटची अस्तरं निळी. पण राजाच्या लाइफगार्डचे डगलेही तांबडे, आणि रूपर्टची पायदळ रेजिमेंट निळ्या डगल्यांची. तीन फुटांवरून कोण कुणाचा हे डगल्यावरून ओळखू येत नाही. त्या दिवशीही येत नव्हतं, म्हणून तर दोन्हीकडे परवलीचे शब्द होते. टेबलावर बेसच्या मागच्या कडेला बारीक रंगीत पट्टी मारावी. तांबडा भडक घेऊ नका; स्वस्तातल्या रंगाचं लोकरी कापड आणि महिन्याची चाल, तेव्हा विटकरीकडे झुकणारा आणि वरून पातळ तपकिरी रंगाचा हात, म्हणजे वॉश, दिलेला बरा दिसतो. झेंडे कागदावर छापून, पांढऱ्या गोंदाने दुमडून चिकटवायचे, साडेसहा फुटी चौकोनी झेंडा म्हणजे १७-१८ मिमी. कडांचा पांढरा कागद रंगवायला विसरू नये, एरवी चांगल्या सैन्याची कळा त्याने जाते.

जमीन तयार करताना आजचा नकाशा समोर ठेवणारे हमखास फसतात. आजच्या नेझबीत जिकडेतिकडे शेतांची कुंपणं आहेत. १६४५ साली गावची जमीन उघडी होती, नांगरटीच्या लांब वरंब्यांची आणि माळाची. ती कुंपणं फार नंतरची. त्या काळी कुंपण होतं ते पश्चिमेला, सल्बीच्या हद्दीवर. तेवढं एकच लावा, पण ते नीट लावा. गावाजवळ १८२३ साली उभारलेल्या स्मारकस्तंभावरूनही दिशा ठरवू नये. तो लढाई झाली त्या जागेवर नाहीच.

कुंपण भांडी घासायच्या हिरव्या घासणीतून छान होतं. आठ-दहा मिमी रुंद पट्ट्या कापायच्या, वरची कड कात्रीने न कापता बोटांनी तोडायची, आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवायची, पातळ केलेल्या गोंदात बुडवून वर स्पंजचा भुगा. एकेक तुकडा शंभर-दीडशे मिमीचाच ठेवा, म्हणजे वळणं घेता येतात. इथं ओकीचे ड्रॅगून येतात, पण डावाच्या सुरुवातीला त्यांना कुंपणात उभं करू नका. ओकी अर्धा मैल मागे कुरणात आपल्या माणसांना दारूगोळा वाटत होता. क्रॉमवेलने त्याला घाईघाईने घोड्यांवर चढवून इकडे धाडलं. म्हणून ड्रॅगून पहिल्या फेरीत दक्षिण कडेला ठेवावेत आणि पार्लमेंटच्या खेळाडूने आठवण ठेवून हुकूम दिला तरच ते हलावेत. रूपर्टच्या चालीआधी ते पोचले तर त्याच्या उजव्या कडेला गोळ्या खाव्या लागतात. नाही पोचले तर आयर्टनची बगल उघडी. एक साधा हुकूम, पण तो खेळाडूच्या डोक्यात ताण निर्माण करतो, फाशात नव्हे.

टेकाडं थर्मोकोलची नको. कापताना त्याचे दाणे सुटतात. दाट निळा किंवा गुलाबी फोम घ्या, पाच-पाच मिमीच्या पायऱ्यांनी चढवा; स्प्रे प्रायमरने मात्र तोही विरघळतो. गुळगुळीत उतार फोटोत सुंदर दिसतो, पण धातूचे पुतळे त्यावरून घसरतात. आणि माथ्याची रेघ वेगळ्या रंगाच्या गवताने स्पष्ट आखून टाका. कारण पंधरा मिमीचा सैनिक या मापात पंधरा मीटर उंच आहे. डोळा टेबलाला लावून ‘दिसतो की नाही’ ठरवायला गेलात तर टेकाडामागचं सगळं दिसणार. रेघेमागे आहे ते दिसत नाही, विषय संपला.

ही रेघ म्हणजे अख्ख्या लढाईची किल्ली आहे. फेअरफॅक्सने आपलं सैन्य आधी माथ्यावर मांडलं आणि मग शंभरेक पावलं मागे घेऊन टेकाडाआड केलं. राजाच्या पायदळाला समोरचे लोक अगदी जवळ आल्यावरच दिसले. सर एडवर्ड वॉकर राजाच्या बाजूने लिहितो की दोन्हीकडून एकच सरबत्ती झाली आणि मग तलवारी आणि बंदुकांचे दस्ते चालले. या एका नोंदीवरून दोन नियम ठरतात. एक, बंदुकीचा पल्ला १०० मिमीच्या वर नको. कित्येक तयार नियमांत तो बारा इंच असतो. आपल्या मापात ते तीनशे मीटर होतात, आणि मग दोन्ही पायदळं अर्धा डाव एकमेकांवर बार काढत उभी राहतात. दोन, पार्लमेंटची मांडणी आधी कागदावर लिहून ठेवायची आणि शत्रू ३०० मिमीवर आला की पुतळे ठेवायचे.

पण कोणती रेजिमेंट कुठे होती हे पुस्तकं वाचलेल्याला माहीत असतं, त्याचं काय? त्याला गुणवत्ता माहीत नसू द्या. आपण या सैन्याकडे पुढची कीर्ती माहीत असलेल्या डोळ्यांनी बघतो. जून १६४५मध्ये ते चार महिन्यांचंही धड नव्हतं आणि पायदळात जबरदस्तीने भरती केलेले पुष्कळ होते. राजाच्या छावणीत त्याची टिंगल चाले. तेव्हा आठ चिठ्ठ्या करा: दोन ‘पक्के’, चार ‘साधारण’, दोन ‘कच्चे’. रेजिमेंट पहिल्यांदा हातघाईत आली की चिठ्ठी काढायची. त्यांच्या सेनापतीलाही आधी कळत नाही, आणि तेच खरं आहे. प्रत्यक्षात पहिल्या फळीतल्या बहुतेक रेजिमेंटा मागे रेटल्या गेल्या, पायदळाचा प्रमुख स्किपन बरगडीखाली गोळी लागूनही मैदान सोडेना, आणि उजव्या टोकाची फेअरफॅक्सची रेजिमेंट तेवढी जागची हलली नाही. चिठ्ठ्यांनी असं चित्र पुष्कळदा उभं राहतं, फक्त कोण टिकलं आणि कोण पळालं ते दरवेळी बदलतं.

आता क्रॉमवेल. एका कारणाचे पैसे दोनदा मोजायचे नाहीत, हा या सगळ्या मांडणीतला माझा हट्ट, आणि तो इथं सगळ्यांत जास्त मोडला जातो. क्रॉमवेलच्या स्वारांची शिस्त वाखाणण्यासारखी होती यात वाद नाही. पण त्या बगलेवर मार्मड्यूक लँगडेलच्या उत्तरेकडच्या घोडदळाला चढावर चालून जायचं होतं आणि समोर त्याच्या दुपटीच्या आसपास स्वार एकामागे एक फळ्यांत उभे होते. पहिली फळी पाठलागाला गेली तरी मागे पायदळावर घालायला ताज्या फळ्या उरल्या. हा फायदा पुतळ्यांच्या संख्येत आणि चढावात आधीच मोजला गेला आहे. वर पुन्हा ‘शिस्त, अधिक दोन’ दिलं की लँगडेलच्या खेळाडूने घरी जावं हे बरं. क्रॉमवेलला फासा थोपवण्यापुरताच द्या: विजयानंतर पाठलाग आवरायला अधिक एक, हल्ल्याला काही नाही. उलट त्याच्या उजव्या टोकाला काटेरी झुडपं आणि सशांची बिळं आहेत, तिथं घोडदळाची चाल निम्मी करा आणि एका फाशावर १ पडला तर तुकडी विस्कळीत धरा. नसता तो पहिल्याच फेरीत सगळी बगल घेऊन सुटतो, जे त्याला त्या दिवशी जमलं नव्हतं.

रूपर्टचा प्रश्न नियमाने नव्हे, निवडीने सुटतो. तो राजाच्या फौजेचा सेनापती होता, आणि तरी स्वतः उजव्या बगलेबरोबर गेला. खेळाडूला तीच निवड द्या. बगलेबरोबर गेला तर धडकेला अधिक एक, आणि टेबलाबाहेर गेलेलं घोडदळ दर फेरीला दोन फाशांवर ९ किंवा जास्त पडले तर परत. मागे राजाजवळ थांबला तर धडकेला काही नाही, आणि परतायला १० लागतात. नऊ किंवा जास्तची दानं ३६ पैकी १०. चार फेऱ्या सलग अपेश येण्याची शक्यता २७ टक्के. दहाला ३६ पैकी ६, आणि चार फेऱ्यांत न परतण्याची शक्यता ४८ टक्के. परतले तरी घोडी दमलेली, तेव्हा पुन्हा धडक नाही. त्या दिवशीही परत येऊन रांगा धरलेले स्वार दुसऱ्यांदा चालून जायला तयार झाले नाहीत.

मग मागे थांबण्यात फायदा काय? राखीव फौज. राजाजवळ लाइफगार्ड आणि निळ्या डगल्यांची रेजिमेंट होती. क्रॉमवेल आत घुसतोय हे पाहून राजा स्वतः पुढे निघाला, तर कार्नवॉथच्या अर्लने त्याच्या घोड्याचा लगाम धरून वळवला. मागच्यांना वाटलं माघारीचा हुकूम झाला, आणि सगळे वळून पळत सुटले. राखीव फौज हलवायला एक फासा: ४, ५, ६ला जाते, २-३ला थांबते, १ पडला तर पूर्ण एक चाल मागे. रूपर्ट जवळ असेल तर १ हा २ धरायचा. खेळाडू या निवडीवर मनापासून कुढतात, आणि ती कुढणी मला कुठल्याही फाशापेक्षा जास्त ऐतिहासिक वाटते.

सामानाच्या गाड्यांना टेबलाबाहेर एक कागदी चौकट पुरे, पण रिकामी ठेवू नका. तिथल्या पहारेकऱ्यांच्या प्रमुखाने तांबडी टोपी घातलेला सरदार येताना पाहिला. फेअरफॅक्सचीही तशीच टोपी होती, म्हणून हा टोपी हातात घेऊन सामोरा गेला आणि लढाई कशी चालली आहे विचारू लागला. तो होता रूपर्ट. त्याने शरण येता का विचारलं; पहारेकऱ्यांनी नकार देऊन बार काढले. चौकटीत पोचलेल्या घोडदळाची त्यांना हटवण्यात निदान एक फेरी जावी, लूट मिळो न मिळो.

राजाच्या बाजारबुणग्यांची गोष्ट मात्र टेबलावर आणू नये. विजयानंतर पार्लमेंटच्या शिपायांनी राजाच्या छावणीतल्या शंभरेक बायका मारल्या, इतरांचे चेहरे विद्रूप केले. त्याला नियम नको, फासा नको. खेळाच्या माहितीपत्रात एका ओळीत तसं लिहावं आणि डाव त्याच्या आधी थांबवावा.

खेळाडू सहा असले तर उत्तम, प्रत्येक बाजूला तिघे. एकमेकांशी बोलणं चिठ्ठीने, चिठ्ठी एक फेरी उशिरा पोचते. फेरी पंधरा मिनिटांची धरून बारा फेऱ्या. पायदळाची चाल २०० मिमी, घोडदळाची ३५०. पंधरा मिनिटांत माणूस याहून कितीतरी जास्त चालतो हे खरं, पण रांगा सरळ करणं आणि हुकमाची वाट बघणं त्यातच आलं.

जिंकलं कोण हे मैदान कुणाकडे राहिलं यावर ठरवू नका. नऊ-दहा हजार विरुद्ध चौदा हजार, मैदान बहुतेक पार्लमेंटलाच मिळणार. राजाचं पायदळ मोजा. त्या दिवशी साडेचार हजारांच्या वर माणसं कैद झाली, पायदळ नावापुरतंही उरलं नाही. बारावी फेरी संपताना राजाच्या पायदळाचे निम्मे बेस उत्तर कडेने लेस्टरच्या रस्त्याला लागले असतील तर राजा जिंकला. एक तृतीयांश गेले तर बरोबरी. मात्र शेवटच्या तीन फेऱ्यांत नुसतं पळून बेस वाचवता येऊ नयेत, म्हणून पाठ दाखवलेला बेस घोडदळाने गाठला की तो सरळ कैद धरायचा, आणि तोंड शत्रूकडे ठेवून रांगेत मागे सरकणाऱ्याची चाल १०० मिमी ठेवायची. राजाच्या पायदळाचा प्रमुख अ‍ॅस्टली याच्या जागी बसलेल्या खेळाडूला तिथं खरी कसरत आहे: निळ्या डगल्यांची एक तुकडी मागे ठेवून बाकीचे काढायचे की सगळे मिळून हळूहळू सरकायचे. दुसरा पर्याय निवडणार असाल तर जमिनीचे उत्तरेचे जादा तीन तुकडे नवव्या फेरीच्या आधीच लावून ठेवा.